अडीच टन जुन्या कार्पेट टाइल्स आहेत, महाप्याला. फेकायच्या नाहीत. मार्ग सुचवा

कळव्याची लेक

नमस्कार मंडळी,

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, दोन मजल्यांवर. मी तिथे ॲडमिन बघते. पुढच्या महिन्यात खालचा मजला मालकाला परत द्यायचाय. करारात लिहिलंय की वर घातलेलं सगळं काढून, लादी साफ करून जागा ताब्यात द्यायची. म्हणजे ६,२०० चौरस फूट कार्पेट उचलायचं. ५० बाय ५० सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल्स आहेत. मोजल्या तर २,३०४ भरतात. कुरियरच्या काट्यावर एक ठेवून बघितली, १ किलो ८० ग्रॅम. सगळ्या मिळून जवळजवळ अडीच टन.

इंटिरियरच्या कंत्राटदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, दोन टेम्पो लागतील, मी लावतो विल्हेवाट." कुठे लावणार, यावर उत्तर नाही. मी शिळफाट्यावरून ये-जा करते. रस्त्याच्या कडेला रात्रीतून ओतलेलं डेब्रिज रोज बघते. त्या ढिगात एके सकाळी आमच्या ऑफिसच्या निळ्या-करड्या टाइल्स दिसल्या तर मला स्वतःची लाज वाटेल.

भंगारवाल्याला बोलावलं. त्याने टाइल हातात घेतली, वाकवली, पाठ नखाने खरवडली आणि परत खाली ठेवली. लोखंडी रॅक, वायरी, मोडक्या खुर्च्या, सगळं नेतो म्हणाला. "हे नको ताई. याचं काही होत नाही."

टाइल्स ८ वर्षांच्या आहेत. येण्याजाण्याच्या वाटेवरच्या झिजल्यात, पण भिंतीलगतच्या, कपाटांखालच्या, मीटिंग रूममधल्या अगदी चांगल्या आहेत. माझी आई कळव्याच्या चाळीत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. गोधडी विरली की तिची पायपुसणी व्हायची, पायपुसणं विरलं की पोतेरं. त्या घरात वाढल्यावर हा माल एका सहीनिशी टेम्पोत भरून द्यायचा, हे माझ्या हातून होत नाहीये.

तर मला हे समजून घ्यायचंय. जुन्या कार्पेटचं परत कार्पेट होतं का, निदान त्याचं सूत तरी निघतं का? आपल्या ठाणे-नवी मुंबईत कोणाच्या उपयोगाचं आहे का? एखाद्या बचत गटाला कापून वस्तू करायला दिलं तर चालेल का? आणि पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर नवीन घालायचा विचार आहे, तर विक्रेता "आमच्या मालात ४० टक्के रिसायकल्ड" म्हणतोय, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

---

तुर्भेकर

आमच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी सिमेंटच्या भट्टीत जाळायला देता येतं का ते बघितलं होतं. पाठ पीव्हीसीची निघाली आणि समोरच्यांनी नाही म्हटलं, क्लोरीन त्यांच्या भट्टीला बाधतं. तेव्हा आधी पाठ कशाची आहे ते शोधा. आणि कंत्राटदाराला टेम्पो भरू देऊ नका, पावती तुमच्या कंपनीच्या नावाची असते.

---

फिनिशिंग लाइन

ताई, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कार्पेट कारखान्यात २६ वर्षं काढली. आधी टफ्टिंगवर, म्हणजे कापडात सुयांनी सूत टोचायच्या यंत्रावर, शेवटची ११ वर्षं फिनिशिंग लाइनवर, म्हणजे लेटेक्स लावून कडा कापायच्या कामावर. कारखाना आता उरला नाही. थोडं लांबेल, पण नीट सांगतो.

तुमची टाइल कडेने बघा. वर नायलॉनचं सूत. ते ज्या कापडात सुयांनी टोचलेलं असतं ते पहिलं बॅकिंग, बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं, न विणलेलं. टोचलेलं सूत उपसून येऊ नये म्हणून त्याखाली लेटेक्ससारखा, म्हणजे रबरी गोंदाचा थर. त्याच्या खाली जाड पाठ, पीव्हीसीची किंवा डांबराची, आणि त्यात वजनासाठी आणि स्वस्ताईसाठी भरपूर खडूची भुकटी. मधे कुठेतरी काचेच्या तंतूंची पातळ जाळी, टाइल आकसू नये, कडा उचलू नयेत म्हणून.

आता वजन घ्या. तुमची टाइल १ किलो ८० ग्रॅम, चौरस मीटरला चार टाइल्स, म्हणजे ४ किलो ३२० ग्रॅम. त्यात वरचं सूत ६०० ग्रॅमच्या आसपास धरा. तुमच्या अडीच टनांत नायलॉन जेमतेम साडेतीनशे किलो, बाकी सगळी पाठ. तुमच्या भंगारवाल्याने नखाने जे खरवडून पाहिलं ते हेच.

आमच्या कारखान्यात मालाचे दोन जन्म असायचे, लेटेक्सच्या आधीचा आणि नंतरचा. मशीनमागे क्रीलवर, म्हणजे मांडणीवर, सुताचे शेकडो कोन लावलेले असत. कोन संपत आला की बुडाशी थोडं सूत उरतं. ते फेकायचं नाही, हा आमच्या फोरमनचा दंडक. उरलेली सुतं हवेच्या दाबाने जोडून परत कोनवर गुंडाळायची आणि सॅम्पलला किंवा मिश्र रंगाच्या मालाला वापरायची. शिअरिंगला, म्हणजे वरची लव कातरून सारखी करताना, जो केसाळ भुगा निघे तोही पोती भरून भरावासाठी विकला जाई. टफ्टिंग चुकून वाया गेलेला तुकडा असला तरी त्यातलं सूत ओढून काढता येई. पण माल एकदा लेटेक्स लागून भट्टीतून शिजून बाहेर आला की विषय संपला. शिजलेलं लेटेक्स परत वितळत नाही. तापवलं तर जळतं. कडा कापणाऱ्या चाकूखालून दिवसभर पट्टी पडत राही, चार बोटं रुंद, वर उत्तम नायलॉन आणि खाली शिजलेलं लेटेक्स. तिचं काहीच होत नसे. त्या पट्ट्यांचे ट्रक मी स्वतः भरून दिलेत आणि कुठे जातात ते एकदाही विचारलं नाही. आज तुमचा प्रश्न वाचला आणि तेच आठवलं.

म्हणून तुम्ही विचारलंत "सूत निघतं का", तर निघतं, पण त्यासाठी यंत्र लागतं. सूत वरून कातरून काढतात, किंवा अख्खं कार्पेट दळून घटक वेगळे करतात. नायलॉन पाण्यात बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, खडू तळाला जातो. या फरकावरही बरंच वेगळं करता येतं. पुढचं सगळं सूत कोणत्या जातीचं आहे त्यावर. नायलॉन ६ असेल तर ते कॅप्रोलॅक्टम या एकाच रसायनापासून बनलेलं असतं. उष्णता देऊन ते परत कॅप्रोलॅक्टमपर्यंत उलगडता येतं, शुद्ध करता येतं आणि त्याचं पुन्हा नवं सूत होतं, पहिल्याइतकंच चांगलं. नायलॉन ६,६ हे दोन वेगळ्या रसायनांचं. ते उलगडणं किचकट, म्हणून सहसा वितळवून साच्यातल्या वस्तू करतात. दिसायला दोन्ही सारखी. ६ वितळतं २२० अंशांच्या आसपास आणि ६,६ साधारण २६० ला. घरी कळणार नाही, खरेदीच्या वेळचा स्पेसिफिकेशनचा कागद शोधा.

हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी जुन्या कार्पेटमधून कॅप्रोलॅक्टम काढायचा मोठा कारखाना १९९९ साली सुरू झाला. २००१ मध्ये बंद पडला, कारण बाजारात नवं कॅप्रोलॅक्टम स्वस्त झालं. २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो पुन्हा चालू केला. तंत्र चोख होतं, भाव जमत नव्हता. ॲक्वाफिल ही इटालियन कंपनी २०११ पासून स्लोव्हेनियात ल्युब्लाना इथे मासेमारीची टाकलेली जाळी आणि जुन्या कार्पेटचं सूत घेऊन नायलॉन ६ करते. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदाच केला. तिथे नवं कार्पेट विकताना ग्राहकाकडून एक छोटं शुल्क घेतात आणि त्यातून जुनं गोळा करणाऱ्यांना, रिसायकल करणाऱ्यांना पैसे मिळतात. आपल्याकडे उत्पादकाने माल परत घ्यायची जबाबदारी प्लास्टिक पॅकेजिंग, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर यांना लागू आहे. कार्पेटला नाही. ती लागू व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण त्याशिवाय हे गणित कुठेच बसलेलं नाही.

तुमच्यापुरतं बोलायचं तर वितळवणं शेवटी ठेवा. टाइल आहे तोवर तिला टाइल म्हणूनच वापरा.

काढताना घाई करू नका. चिकट थर कायमचा गोंद नसेल, नुसता पकड देणारा असेल, तर कोपऱ्यात पट्टी घालून अख्खी टाइल हाताने उचलून येते. खेचून फाडू नका. दोन टाइल्सची तोंडं एकमेकींकडे करून रचा, म्हणजे पाठीची चिकट बाजू सुताला लागणार नाही. लाकडी पॅलेटवर ठेवा, लादीवर थेट नको, या हवेत खालून ओल धरते आणि पंधरा दिवसांत बुरशीचा वास सुटतो. उचलतानाच तीन ढीग करा, चांगल्या, मध्यम आणि वाया, नंतर कोणी करत नाही.

पाठ ओळखायची तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, पाठीला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे उघड्यावर करा, तुकडाही न पेटवता, त्याचा धूर वाईट असतो.

आणि एक विचारायचं राहिलं. वरच्या मजल्यावर हीच टाइल आहे का?

---

पायपुसणं

ताई, बचत गटाचं विचारलंत म्हणून लिहिते. आमचा गट मानपाड्याला आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापडाच्या दोन्ही कडांनी जी झालरीसारखी पट्टी कापून निघते ती आम्ही किलोवर आणतो. शिलाईच्या कारखान्यांतली कातरणही घेतो. उभा ताणा सुती दोऱ्याचा आणि आडव्यात चिंध्या, असं हातमागावर विणून पायपुसणी, आसनं, छोट्या सतरंज्या करतो. भिवंडीची कडेची पट्टी फार चांगली विणली जाते, कारण ती मुळातच लांब आणि सलग असते, जोड द्यावे लागत नाहीत. रंग लावायचा नसतो, जे रंग त्या आठवड्यात मागावर चालले असतील तेच आमच्या सतरंजीत येतात. एकदा महिनाभर सगळं मरून आणि मोरपंखी आलं होतं, ती आसनं सगळ्यांत आधी संपली.

पण तुमच्या टाइल्स आम्हाला नकोत आणि दुसऱ्या कुठल्या गटालाही कापायला देऊ नका. मागे एका ऑफिसने आम्हाला साठ-सत्तर टाइल्स दिल्या होत्या. वाटलं, गोल कापून गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या करू. कटरची पाती दहा टाइल्सना बोथट झाली. पांढरी भुकटी उडाली ती उडालीच, आणि त्या काचेच्या जाळीने बायकांच्या हाताला दोन दिवस खाज सुटली. एकीचा मुलगा तिथेच खेळत होता, त्याला खोकला लागला. मी त्याच दिवशी काम बंद केलं. दिलेली वस्तू परत कशी न्यायला सांगायची म्हणून संकोच वाटला, तरी सांगितलं. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण कापायचा माल आणि अंथरायचा माल यात फरक असतो.

अख्ख्या टाइल्स मात्र कुणीही घेईल. अभ्यासिका, तबल्याचा क्लास, व्यायामशाळा. फक्त तळमजल्याची ओलसर खोली असेल तर देऊ नका.

---

वाशी मंडप

मी प्रदर्शनांची कामं करतो, जास्त करून वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला. आमचं कार्पेट वेगळं, पातळ, सुयांनी नुसतं गुंतवलेलं, वरून प्लास्टिकची फिल्म घेऊन येतं. उद्घाटनाच्या सकाळी फिल्म फाडायची, तीन दिवस माणसं चालली की रात्री सगळं गोळा. इतक्या कमी वापरात इतका माल वाया जाताना मी दुसऱ्या धंद्यात पाहिला नाही.

यात लेटेक्स नसलं तर चांगली गोष्ट अशी की हा माल एकाच जातीचा असतो, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर, त्यामुळे वितळवून प्लास्टिकचा दाणा करणारे घेतात. पण त्यांची एकच तक्रार, दुहेरी टेप. म्हणून आता मी पोरांना सांगितलंय, आधी टेपच्या रेषेवरून कटर चालवून दोन बोटांची कड वेगळी करा आणि मग मधलं साफ कापड गुंडाळा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टरची गुंडाळी एकत्र करायची नाही. शंका आली की धागा साबणाच्या पाण्यात टाकायचा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. सर्वांत साफ माल गणपतीच्या मंडपांना परत जातो, त्याच्या खालचा फर्निचर हलवताना गुंडाळायला, आणि उरलेला दाण्याला.

ताई, तुमच्या मधल्या ढिगातल्या टाइल्स मला चालतील. गोडाऊनमध्ये लाकडी फ्लोअरिंगचे तक्ते रचतो त्याखाली घालायला आणि स्टेजच्या पोकळ फळ्यांचा आवाज दाबायला. टेम्पो मी पाठवतो.

---

कळव्याची लेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, हो, वरच्या मजल्यावर अगदी हीच टाइल आहे, एकाच वेळी घातलेली! आणि ४० टक्क्यांचं राहिलं.

---

फिनिशिंग लाइन

मग वर नवीन कशाला घेताय? टाइल निघाली ती याचसाठी, झिजेल तेवढीच बदलता यावी म्हणून. वरच्या वाटेवरच्या झिजलेल्या काढा, खालच्या भिंतीकडच्या तिथे लावा. आठ वर्षं दोन्हींनी सारखीच उन्हं-दिवे खाल्लेत, रंग जुळेल. लावताना पाठीवरचा बाण बघा, बाकीच्यांशी जुळवा, नाहीतर सुताची लव उलटी पडून टाइल वेगळ्या रंगाची भासते.

४० टक्क्यांचं. टक्का अख्ख्या टाइलच्या वजनावर काढतात आणि वजन पाठीत असतं हे वर सांगितलंच. पाठीत खडूऐवजी वीजकेंद्राची राख किंवा जुन्या मालाचा भुगा घातला की टक्का चढतो, वरचं सूत संपूर्ण नवं असलं तरी. ते खोटं नाही, राख वापरणंही चांगलंच. पण तुम्हाला काय कळायला हवं ते त्यातून कळत नाही. विक्रेत्याला विचारा, सुतात किती आणि पाठीत किती. जो रिसायकल्ड माल आहे तो लोकांनी वापरून झालेला की त्यांच्याच कारखान्यातली कातरण. सूत नायलॉन ६ की ६,६. पाठ पीव्हीसीची की पॉलिओलेफिनची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातल्या प्लास्टिकची. अमेरिकेतल्या शॉ कंपनीने १९९९ मध्येच पीव्हीसी सोडून पॉलिओलेफिनची पाठ बाजारात आणली, ती परत वितळवून पाठच होते. इंटरफेस या कार्पेट टाइल कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांनी तर १९९४ पासून अख्खी कंपनी या दिशेने वळवली, काढलेल्या टाइल्स परत घ्यायची योजना आणली. ते स्वतः कार्पेटवालेच होते, म्हणून माझ्यासारख्याला त्यांच्याबद्दल जास्त आदर.

आणि परत नेण्याची हमी तोंडी घेऊ नका. कोण नेणार, कुठून कुठे, भाडं कोणाचं, हे खरेदीच्या ऑर्डरवर लिहून घ्या.

---

कळव्याची लेक

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, क्षमा असावी. काम पुरं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

कंत्राटदाराची माणसं दोन दिवसांत फाडून मोकळी झाली असती. आम्ही पाच दिवस घेतले. गोंद पकडीचाच निघाला, टाइल्स हाताने सुटल्या. ढीग उचलतानाच केले: १,३१० चांगल्या, ५२० मध्यम, ४७४ वाया. तारेची परीक्षा गच्चीत केली, ज्योत स्वच्छ हिरवी. जुन्या फाइलीत कागदही सापडला, सूत नायलॉन ६,६. दोन्ही उत्तरं नको तीच आली.

चांगल्यांतल्या ६८० वरच्या मजल्यावर बसल्या. शनिवारी आम्ही चौघं आणि फ्लोअरिंगचा एक कारागीर, सकाळी नऊ ते सहा. बाण बघून लावल्या. सोमवारी आमच्या डायरेक्टर मॅडम त्याच वाटेवरून चालत गेल्या आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग मी दाखवलं. नवीन कार्पेटची खरेदी त्यांनी त्याच दिवशी पुढे ढकलली. तिथून निघालेल्या झिजक्या टाइल्सपैकी निम्म्याहून जास्त मध्यम ढिगात जमा झाल्या, त्यामुळे वाशी मंडप दादांचा टेम्पो एकाऐवजी दोनदा आला.

२६० कळव्याच्या एका अभ्यासिकेत गेल्या, पहिला मजला, ओल नाही. तिथे खुर्च्या सरकवण्याचा आवाज फार व्हायचा, आता होत नाही असं मुलं म्हणतात. २५० ऐरोलीच्या तबल्याच्या क्लासला. गुरुजींनी आधी हात फिरवून बघितलं, मग वर बसून थाप देऊन बघितली आणि मान हलवली. १२० आम्ही राखून ठेवल्यात, पुढच्या झिजेसाठी.

पायपुसणं ताई, तुमच्याकडून आसनं मागवणार आहे, दिवाळीला ऑफिसमध्ये प्रत्येकाला एक. मोरपंखी असतील तर बघा.

खालच्या मजल्याच्या ४७४ वाया टाइल्स, ५१२ किलो, आणि वरच्या मजल्यावरून निघालेल्या पार गेलेल्या थोड्या, या अजून माझ्याकडे आहेत. तळघरात पॅलेटवर, तोंडाला तोंड लावून रचलेल्या, वर ताडपत्री. मालाचा सगळा हिशेब, सुताची जात, पाठीची जात, कागदावर लिहून ढिगावर चिकटवलाय. कंत्राटदार रोज विचारतो, "नेऊ का?" मी नाही म्हणते. पीव्हीसी पाठीचा माल दळून परत पाठीसाठी घेणारा कोणी माहीत असेल, गुजरातेत असला तरी चालेल, तर इथे लिहा. भाडं कंपनी देईल, तेवढं मी मंजूर करून घेतलंय.